जंतू विष कधी ओकतो?

रॉबर्ट कॉख १८८३ मध्ये आधी इजिप्तमध्ये आणि वर्षाअखेरीस कलकत्त्यात पटकीचा शोध घेत होते. दगावलेल्या माणसांच्या आतड्यांत त्यांना एक वाकडा, स्वल्पविरामासारखा जंतू पुन्हा पुन्हा दिसला. पटकीचे रुग्ण ज्याच्या काठी राहत होते अशा कलकत्त्यातल्या एका तलावाच्या पाण्यातही तोच निघाला. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये त्यांनी सांगितले की हा जंतू रक्तात पसरत नाही, आतड्यातच राहतो आणि तिथे एक विष सोडतो. अंदाज अचूक होता. मात्र ते विष हाती लागायला १९५९ साल उजाडावे लागले.

पाऊणशे वर्षे का लागली? साधने नव्हती म्हणावे, तर घटसर्पाचे विष रू आणि येरसँ यांनी १८८८ मध्येच पॅरिसमध्ये वेगळे करून दाखवले होते. पटकीच्या बाबतीत शोधाची जागा चुकली. संशोधक हा जंतू काचेच्या नळीत वाढवायचे, मारायचे आणि प्राण्यांच्या रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत टोचायचे. प्राणी मरायचे, पण त्यांना पटकीसारखे जुलाब होत नसत. त्यांना मारत होते ते जंतूच्या आवरणातले, त्याच्याबरोबर कायम असणारे द्रव्य. रिचर्ड फायफर यांनी ते १८९२ मध्ये ओळखले आणि पुढे कित्येक वर्षे बहुतेकांनी त्यालाच पटकीचे विष मानले. खरे विष जंतू वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी बनवत होता आणि तिथे कोणी डोकावत नव्हते.

डोकावले शंभुनाथ दे यांनी. कलकत्त्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवणारा हा माणूस, हाताशी साधनसामग्री बेताची. त्यांनी सशाचे पोट उघडून लहान आतड्याचा एक तुकडा, रक्तपुरवठा न तोडता, दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला. त्या बंद नळीत सुईने पटकीचे जंतू सोडले आणि पोट शिवून टाकले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर तो तुकडा तट्ट फुगलेला होता, आत पटकीच्या रुग्णाला होतात तसल्या जुलाबाचे पाणी. जंतू न सोडलेला शेजारचा तुकडा चपटाच राहिला होता. हे काम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५९ मध्ये दे यांनी पुढचे पाऊल टाकले. जंतू वाढवलेले द्रावण इतके बारीक गाळले की त्यात एकही जंतू उरला नाही, आणि तो निव्वळ द्रव आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला. तुकडा तसाच फुगला. ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या त्या छोट्या लेखाने कॉख यांचे म्हणणे सिद्ध केले. त्याच वर्षी मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांना जंतूंचा अर्क तोंडावाटे देऊन पटकीसारखे जुलाब घडवून दाखवले. दोन शहरांतल्या या दोन प्रयोगांत एक गोष्ट समान होती. दोघांनीही रक्त सोडून आतड्याकडे पाहिले.

हा इतिहास इतक्या विस्ताराने सांगण्यामागे कारण आहे. शाळेपासून आपण जंतूंचे दोन रकाने करत आलो आहोत, एक निरुपद्रवी जंतूंचा आणि दुसरा घातक जंतूंचा. घातकपणा हा जंतूचा जन्मजात स्वभाव आहे, तो जिथे असेल तिथे विष ओकणारच, हे त्यामागचे गृहीत. मला ते मुळातूनच चुकीचे वाटते. रोग घडवण्याची क्षमता जंतूच्या जनुकांत असते हे खरे, पण ती जनुके बहुतेक काळ गप्प असतात. ती कधी बोलू लागतात आणि कधी पुन्हा गप्प होतात हे वाढीचा टप्पा, जागा, अन्न आणि सोबत्यांची संख्या यांवर ठरते. रोग समजून घ्यायचा तर जंतू कोण आहे याच्या जोडीला तो या क्षणी काय करतो आहे हेही विचारायला हवे. हा दुसरा प्रश्न आपल्या वैद्यकात, आपल्या प्रयोगशाळांत आणि आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत अजून फार कमी विचारला जातो.

पटकीचाच जंतू घेऊ, कारण त्याच्याबद्दल आज आपल्याला पुष्कळ कळले आहे. त्याचे खरे घर आपले आतडे नाही. खाड्यांचे, नदीमुखांचे मचूळ पाणी हे त्याचे घर. तिथे तो पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जिवांच्या अंगावर चिकटून राहतो, त्यांचे कवच पचवून खातो आणि कवचावर असताना आजूबाजूच्या मेलेल्या जंतूंचा डीएनए आपल्यात ओढूनही घेतो. या आयुष्यात पटकीच्या विषाचा त्याला काडीचा उपयोग नाही, त्यामुळे तो ते बनवत नाही. माणसाच्या पोटात जाणे हा त्याच्या आयुष्यातला अल्प मुक्काम असतो आणि त्याची सुरुवातही खडतर असते. जठरातल्या आम्लात बहुतेक जंतू मरतात. स्वयंसेवकांवरच्या चाचण्यांत असे दिसले की निरोगी जठर असलेल्या माणसाला पटकी व्हायला कोट्यवधी जंतू गिळावे लागतात, तर आम्ल मारणारे औषध आधी दिले तर काही हजारही पुरतात.

जे जंतू वाचून लहान आतड्यात पोहोचतात, त्यांच्या आत एक साखळी हलू लागते. जंतूच्या आवरणात ‘टॉक्स-आर’ नावाचे प्रथिन बसलेले असते. त्याचे एक टोक बाहेर डोकावते आणि दुसरे आत डीएनएला धरते. त्याच्या जोडीला ‘टीसीपी-पी’ नावाचे दुसरे प्रथिन असते. दोघे मिळून ‘टॉक्स-टी’चे जनुक चालू करतात आणि टॉक्स-टी मग दोन गोष्टी एकदम सुरू करतो. एक म्हणजे जंतूंना आतड्यात एकमेकांना धरून टिकून राहायला मदत करणारे बारीक तंतू, आणि दुसरे म्हणजे विष. टॉक्स-आरचे जनुक जॉन मेकॅलॅनॉस यांच्या प्रयोगशाळेत १९८४ मध्ये सापडले. पुढच्या चाळीस वर्षांत या साखळीच्या एकेका कडीला कोणता इशारा हलवतो हे उलगडत गेले, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो हाच भाग.

इशारे एक नाहीत, अनेक आहेत आणि ते एकमेकांना छेदतात. पित्तातले काही क्षार टीसीपी-पीच्या रचनेत बदल घडवून त्याला जागे करतात. त्याच पित्तातली काही मेदाम्ले मात्र टॉक्स-टीला चिकटून त्याला गप्प करतात. २०१० मध्ये टॉक्स-टीची स्फटिकरचना उलगडली तेव्हा त्याच्या पोटात असे एक मेदाम्ल बसलेले प्रत्यक्ष दिसले. उलट आतड्याच्या भिंतीतून झिरपणारा बायकार्बोनेट टॉक्स-टीचे काम वाढवतो. म्हणजे आतड्याच्या पोकळीत, पित्ताच्या ओघात वाहत असताना जंतूला ‘अजून नाही’ असा इशारा मिळतो. श्लेष्मल थर ओलांडून तो भिंतीजवळ पोहोचला की मेदाम्ले कमी होतात, बायकार्बोनेट वाढतो आणि इशारा फिरतो. सगळा फरक मिलिमीटरभर अंतराचा. मिरगाचा पहिला पाऊस पडला म्हणून जाणता शेतकरी लगेच तिफण जुंपत नाही. जमिनीत ओल किती मुरली, वाफसा आला का, हे बघून पेरतो. जंतूचे वागणेही असेच अनेक खुणा जुळल्याशिवाय पुढे सरकत नाही. अर्थात जंतूला मन नाही. तो ‘ठरवतो’ असे मी लिहितो ते सोयीसाठी. प्रत्यक्षात ती रेणूंची जुळणी आहे, पण लक्षावधी वर्षांच्या निवडीने इतकी घासूनपुसून घेतलेली की तिला निर्णय म्हटल्याशिवाय बोलताच येत नाही.

आणि विष बनल्यावर काय होते? त्याचा एक भाग आतड्याच्या पेशीत शिरतो आणि तिथली एक कळ दाबलेल्या अवस्थेत अडकवून टाकतो. पेशी क्लोराइड बाहेर फेकत सुटते, त्यामागे सोडियम आणि पाणी जाते. दिवसाला दहा-वीस लिटर पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. उपचार मिळाले नाहीत तर धडधाकट माणूस काही तासांत संपू शकतो.

इतके प्रभावी हत्यार हाताशी असताना जंतू ते सदैव परजून का ठेवत नाही? कारण ते महाग पडते. प्रथिने बनवायला ऊर्जा लागते, आणि जो जंतू ती हत्यारावर खर्च करतो तो हत्यार न बनवणाऱ्या भावंडांच्या तुलनेत वाढीत मागे पडतो. झुरिकमध्ये साल्मोनेलावर झालेल्या प्रयोगांत हे थेट दिसले. आतड्याच्या पेशीत शिरण्याची यंत्रणा चालू केलेले जंतू मंदावतात. म्हणूनच एकाच वंशाच्या समूहातले काही जंतू ती चालू करतात, बाकीचे नुसते वाढत राहतात आणि काहींनी पेटवलेल्या दाहाचा फायदा सगळ्यांना मिळतो. घटसर्पाच्या जंतूचा हिशेब वेगळा. लोह भरपूर मिळते तोवर त्याच्या विषाचे जनुक दाबलेले असते, लोह संपत आले की ते उघडते. याची चाहूल १९३० च्या दशकातच लागली होती. घटसर्पाचे विष लस बनवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर लागे, आणि ते भरपूर हवे तर माध्यमात लोह कमी ठेवावे लागते हे अनुभवाने कळले होते. शास्त्रीय कारण मागाहून आले.

आता सोबत्यांच्या संख्येकडे येऊ. १९७० मध्ये समुद्रातल्या एका प्रकाशमान जंतूवर काम करताना नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांना दिसले की हे जंतू विरळ असताना उजेड देत नाहीत, दाटी झाली की एकदम पेटतात. प्रत्येक जंतू एक छोटा रेणू बाहेर सोडतो. दाटी वाढते तसे तो रेणू साचतो आणि ठरावीक पातळी गाठली की सगळ्यांची वागणूक एकत्र बदलते. १९९४ मध्ये याला ‘गणपूर्तीची जाण’ या अर्थाचे इंग्रजी नाव मिळाले, आणि सभेच्या कामकाजाशी परिचित असलेल्या कोणालाही ते पटण्यासारखे आहे. बॉनी बॅसलर यांनी प्रिन्स्टनमध्ये यावर दीर्घ काम केले.

गळू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस याचा साधासरळ नमुना आहे. सुरुवातीला, विरळ असताना तो पृष्ठभागावर चिकटायची प्रथिने बनवतो. गणपूर्ती झाली की चिकटणे बंद करून पेशी फोडणारी विषे सोडतो. लहान टोळी गप्प राहते, फौज जमली की हल्ला. कोणालाही सुचेल असे हे तर्कशास्त्र आहे.

पटकीचा जंतू नेमके उलटे करतो. तो विरळ असताना विष बनवतो आणि दाटी झाली की बंद करतो! २००२ मध्ये बॅसलर आणि मेकॅलॅनॉस यांच्या प्रयोगशाळांनी मिळून हे मांडले. दाटी कमी असते तेव्हा काही छोटे आरएनए ‘हॅप-आर’ नावाच्या प्रथिनाचा संदेश नष्ट करत राहतात. हॅप-आर नसल्यामुळे विषाची साखळी मोकळी असते. दाटी वाढून रेणू साचले की ते छोटे आरएनए थांबतात, हॅप-आर तयार होतो आणि साखळीच्या वरच्या टोकालाच हात घालतो. त्याच वेळी तो एक प्रथिने कापणारा वितंचक चालू करतो. जंतूला आतड्यापासून सुटे व्हायला तो मदत करतो असे मानले जाते.

हे उलटे का? कारण या जंतूला माणसाच्या आतड्यात घर थाटायचेच नाही. चिकटायचे, पाण्याचा पूर आणायचा, त्या पुरात भरमसाट वाढायचे आणि त्याच पुराबरोबर बाहेर पडून पुढचे तळे किंवा पुढचा माणूस गाठायचा. मुक्कामाच्या शेवटी विष बनवत बसणे म्हणजे निघायच्या वेळी नुसता खर्च. हा उलगडा वाचताना मला नेहमी वाटते की आपण ज्याला रोग म्हणतो तो जंतूच्या लेखी प्रवासाचा एक टप्पा आहे, आणि त्याचे वेळापत्रक आपल्या दुखण्यावर बेतलेले नाही, त्याच्या प्रवासावर बेतलेले आहे.

या नेटक्या चित्राला एक खोच आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. २००० मध्ये ज्या वाणाचा संपूर्ण जनुकसंच प्रथम वाचला गेला, त्या एल टॉर प्रकारच्या वाणात हॅप-आरचे जनुक मोडके आहे. तो गणपूर्ती ऐकूच शकत नाही, आणि तरीही पटकी करतो. रुग्णांकडून मिळालेल्या इतर अनेक वाणांतही असाच बहिरेपणा आढळला. यावरून काहींना वाटते की गणपूर्तीचा भाग प्रयोगशाळेतल्या कुतूहलापुरताच आहे. मला ते पटत नाही. एक इशारा तुटला तरी पित्त, बायकार्बोनेट, ऑक्सिजन, उपासमार असे बाकीचे इशारे शाबूत असतात, आणि विष बनवायची वेळ त्यांच्यावरूनही साधता येते. नियंत्रण अनेक हातांत वाटलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आतड्यातून बाहेर पडलेल्या जंतूचे काय होते, याचे उत्तर ढाक्यात मिळाले. २००२ मध्ये तिथल्या रुग्णांच्या तांदळाच्या धुवणासारख्या जुलाबातले ताजे जंतू घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंबरोबर उंदरांच्या पिल्लांत त्यांची स्पर्धा लावली गेली. माणसाच्या आतड्यातून नुकतेच आलेले जंतू कित्येक पटींनी वरचढ ठरले, काही नमुन्यांत ७०० पटींपर्यंत. तळ्याच्या पाण्यात सोडल्यावरही हा वरचढपणा काही तास टिकला आणि मग ओसरला. जंतू तोच, वंश तोच, जनुकेही तीच. फक्त तो कुठून आणि किती वेळापूर्वी आला एवढ्यावर त्याची रोग पसरवण्याची ताकद बदलली. साथ झपाट्याने घराघरांतून का पसरते, याचा मोठा भाग यात दडलेला आहे. ज्या घरात रुग्ण आहे तिथल्या पाण्याच्या हंड्यात पडणारा जंतू आणि खाडीत महिनोन्महिने राहिलेला जंतू यांची एकाच मापाने गणती करणे चूक आहे.

इथे मला दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही वाद घालायचा आहे. जंतूचे वागणे परिस्थितीवर अवलंबून असते म्हटले की काहीजण लगेच म्हणतात, पाहा, जंतू गौण आहे, सगळे शरीराच्या प्रकृतीवर असते, प्रतिकारशक्ती चांगली असली की काही होत नाही. हा युक्तिवाद जुना आहे आणि त्याचा सर्वांत प्रसिद्ध नायक म्युनिकचा माक्स फॉन पेटेनकोफर. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याने पटकीच्या जंतूंचे द्रावण सर्वांसमक्ष पिऊन दाखवले. आधी सोडा घेऊन जठरातले आम्लही मारले, म्हणजे जंतूंना पुरेपूर संधी दिली. त्याला थोडेसे जुलाब झाले आणि तो बरा झाला. एमेरिश नावाच्या त्याच्या शिष्याने तसेच केले, त्याला जास्त त्रास झाला पण तोही वाचला. पेटेनकोफरला वाटले, कॉखचे म्हणणे खोटे पडले.

पण त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये पटकीने साडेआठ हजारांहून अधिक माणसे नेली. हॅम्बुर्ग एल्बे नदीचे पाणी न गाळता पीत होते. रस्त्यापलीकडचे आल्टोना तीच नदी पीत होते, पण वाळूतून गाळून, आणि तिथे साथ फार थोडी पसरली. हवा, माती, माणसे आणि त्यांची प्रकृती दोन्हीकडे सारखीच होती, फरक एकट्या पाण्यात होता. पेटेनकोफरला एवढे बरोबर दिसले होते की जंतू पोटात जाणे पुरेसे नाही. पण पिण्याच्या पाण्यातून पटकी पसरत नाही हे त्याचे मत जीवघेणे होते. आज आपण परिस्थितीचा उल्लेख करतो तेव्हा कसल्याशा धूसर प्रकृतीबद्दल बोलत नसतो. पित्तातले कोणते मेदाम्ल कोणत्या प्रथिनाला कुठे चिकटते हे आपण दाखवू शकतो. त्यामुळे या संशोधनाचा आधार घेऊन लसी आणि पाणी शुद्ध करण्याला कमी लेखणाऱ्यांनी ते पुन्हा नीट वाचावे.

घातकपणा जन्मजात नाही याचा आणखी एक पुरावा १९९६ मध्ये मिळाला आणि तो थक्क करणारा होता. वॉल्डॉर आणि मेकॅलॅनॉस यांनी दाखवले की पटकीच्या विषाची जनुके मुळात जंतूची नाहीतच, ती एका विषाणूने आणलेली आहेत. हा विषाणू जंतूत शिरतो तो आतड्यात टिकून राहण्यासाठीच्या त्याच बारीक तंतूंना धरून. म्हणजे जंतू आतड्यात येऊन तंतू उभे करतो तेव्हाच त्याला विषाची जनुके मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. नद्यांच्या मुखांशी याच जातीचे असंख्य जंतू ही जनुके नसलेले, निरुपद्रवी असे राहतात.

आता उपचारांकडे. प्रतिजैविकांनी कोट्यवधी जीव वाचवले आणि मारून टाकणे हाच जंतूशी वागण्याचा एकमेव मार्ग आहे असे आपल्या मनात पक्के बसले. पण मारण्याच्या प्रयत्नालाही जंतू उत्तर देतो. काही ई. कोलाय जंतूंच्या शिगा विषाची जनुके अशाच एका झोपी गेलेल्या विषाणूत असतात. काही प्रतिजैविके जंतूच्या डीएनएवर घाव घालतात, त्या घावाने विषाणू जागा होतो आणि विष आणखी वाढते. म्हणून अशा रक्तमिश्रित जुलाबात मूत्रपिंडे निकामी होण्याच्या भीतीने डॉक्टर प्रतिजैविके टाळतात. याच्या उलट उदाहरण स्ट्रेप्टोकॉकसच्या जीवघेण्या संसर्गाचे आहे. हॅरी इगल यांनी १९५२ मध्ये दाखवले की दाटी होऊन वाढ थंडावलेल्या जंतूंवर पेनिसिलिन लंगडे पडते, कारण ते वाढणाऱ्या जंतूची भिंत मोडते. म्हणून विषाच्या धक्क्यात गेलेल्या रुग्णाला पेनिसिलिनच्या जोडीला क्लिंडामायसिन देतात. ते प्रथिने बनवण्याचे कामच थांबवते, त्यामुळे जंतू मरण्याआधी विष बंद होते. कोणत्याही मोठ्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरला हे ठाऊक असते. जंतूला गप्प करणे हा वेगळा उपचार आहे, असे त्याकडे पाहिले मात्र क्वचित जाते.

यातूनच विषविरोधी औषधांची कल्पना निघाली. जंतू मारायचा नाही, त्याची साखळी अडवायची. २००५ मध्ये ‘व्हर्स्टॅटिन’ नावाचा रेणू सापडला. तो टॉक्स-टीला निकामी करतो आणि उंदरांच्या पिल्लांच्या आतड्यात जंतूचे बस्तान बसू देत नाही. २०१० मध्ये आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूला गणपूर्तीचा रेणू बनवायला लावून उंदरांच्या पिल्लांना पटकीपासून बऱ्याच अंशी वाचवले गेले. २०१४ मध्ये असे दिसले की ढाक्यातल्या रुग्णांच्या आतड्यात बरे होताना वाढणारा एक नेहमीचा जंतू असाच रेणू सोडतो आणि पटकीच्या जंतूला आवरतो. म्हणजे आपल्या आतड्यातले रहिवासी ही भाषा आधीपासून बोलत होते.

मला या वाटेबद्दल आस्था आहे, पण तिच्या नावाने केले जाणारे दोन दावे मला मान्य नाहीत. पहिला असा की जंतू मारलाच नाही तर तो औषधाला निर्ढावणार नाही. व्हर्स्टॅटिनच्या मूळ संशोधनातच टॉक्स-टीतल्या एका बदलामुळे औषध निष्प्रभ ठरल्याचे दिसले होते. दुसरा दावा असा की अशी औषधे पटकीच्या रुग्णाला वाचवतील. रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तोवर विष पेशींत शिरलेले असते, साखळी अडवायला उशीर झालेला असतो. त्याला वाचवते ते मीठ-साखर-पाणी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर दिलीप महालनाबीस यांनी पिंपांत क्षार-ग्लुकोजचे पाणी कालवून ते नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांतले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. त्यांनी जंतूला हातही लावला नव्हता. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जाण्याची वाट विषाने बंद पडत नाही, एवढे ज्ञान पुरेसे ठरले.

विषविरोधी औषधांची खरी जागा मला रुग्णाच्या घरात दिसते, अजून आजारी न पडलेल्या माणसांसाठी. तिथे वेळ उरलेला असतो.

प्रयोगशाळांबद्दलही एक तक्रार करायला हवी. आपल्याकडे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाढीचा आलेख काढायला लावतात. आधी विलंब, मग झपाट्याची वाढ, मग स्थिरावणे. दर तासाला गढूळपणा मोजा, कागदावर बिंदू मांडा. तो आलेख परीक्षेपुरता राहतो. त्या रेषेवरच्या कोणत्या बिंदूपाशी कोणते जनुक बोलते हा प्रश्न त्याला जोडला जात नाही, खरे तर तो आलेख काढण्याचे सगळे महत्त्व तिथेच आहे. एल टॉर प्रकारचे जंतू नेहमीच्या माध्यमात वाढवले तर विष जवळजवळ देतच नाहीत. १९८० च्या दशकात जपानमध्ये इवानागा यांनी बायकार्बोनेट घातलेले माध्यम वापरून, काही तास न हलवता ठेवून आणि मग हलवून, त्यांच्याकडून विष बनवून घेतले. नेहमीच्या पद्धतीवर विसंबून राहिले असते, तर सातवी जागतिक साथ पसरवणारा जंतू नळीत निरुपद्रवी वाटला असता. दे यांच्या आधीच्या पाऊणशे वर्षांतली चूक याच जातीची होती.

दे यांना भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने फेलो म्हणून निवडले नाही. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवत होते आणि इथे त्यांची दखल नव्हती. १९८५ मध्ये ते गेले. त्यांच्या प्रयोगाला लागले होते सशाचे आतडे, दोरा आणि योग्य जागी पाहण्याची दृष्टी. अशा कामाला आपल्याकडे आजही अनुदान मिळणे अवघड जाते, कारण ते ना नवे औषध देते ना नवे यंत्र. रुग्णाच्या शरीरात, त्या तासाला, जंतू काय करतो आहे हे पाहणाऱ्या संशोधनाला वेगळा पैसा हवा, आणि तो साथरोग रुग्णालयांना जोडलेल्या प्रयोगशाळांत हवा.

तोवर जे कळले आहे ते तरी वापरू. ढाक्यात ‘चोबी-७’ नावाच्या कार्यक्रमात पटकीचा रुग्ण दाखल झाल्यापासून ७ दिवस त्याच्या घरच्यांना साबणाने हात धुणे आणि पाणी निर्जंतुक करून पिणे यासाठी सामान आणि शिकवण दिली गेली, आणि घरातल्या इतरांना होणारा संसर्ग घटला. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडावर कुठल्या तरी गावात किंवा वस्तीत पटकीचा रुग्ण निघतो. बहुतेकदा पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाची वाट पाहिली जाते. आरोग्य अधिकाऱ्यांना आणि नगरसेवकांना माझी विनंती आहे की अहवालासाठी थांबू नका. ताज्या जुलाबातला जंतू पहिल्या काही तासांतच सर्वांत घातक असतो. रुग्ण सापडला त्याच दिवशी त्याच्या घरी आणि शेजारच्या घरांत क्लोरीनच्या गोळ्या, साबण आणि मीठ-साखरेची पाकिटे पोहोचवा. पुढचे सात दिवस रोज कोणीतरी त्या घरी जाऊन हंड्यातले पाणी तपासले पाहिजे.